सोने बाहेर काढून ठेवावे

६ जानेवारी

कामाच्या नोंदी कार्यालयीन वहीत होतीलच. जे तिथे बसत नाही ते इथे लिहावे, असे ठरविले आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. सारी नोकरी विमा कंपनीच्या हिशेब विभागात गेली. जे पडताळून पाहता येत नाही, त्याखाली मी कधी सही केली नाही. त्यामुळे मनातले लिहिताना लेखणी अडखळते.

आमच्या कंपनीने फार वर्षांपूर्वी घेतलेला पहिला संगणक जुन्या इमारतीच्या तळघरात अजून उभा आहे. मार्चअखेर ती इमारत पाडणार. तत्पूर्वी यंत्राच्या प्रत्येक भागाची नोंद करावयाची, त्याचा इतिहास लिहावयाचा, आणि जमल्यास त्याची स्मृती पुन्हा जागी करून नव्या इमारतीच्या समारंभात ती चार लोकांना दाखवावयाची, अशी जबाबदारी माझ्याकडे आली आहे. साहेब म्हणाले, "तुमच्याइतका काटेकोर माणूस कंपनीत दुसरा नाही." वस्तुतः दुसरे कोणी तयारच नव्हते.

घरी सांगितले तेव्हा ही कपड्यांच्या घड्या घालीत होती. हिचे हात थांबले.

"त्याच खोलीत?"

"खोली एकच आहे."

"दुसरं काही काम नव्हतं का हो तुम्हाला द्यायला?"

हिचे वडील त्या यंत्राचे पहिले चालक होते. पुढे ते माणसांना इतके भिऊ लागले की कंपनीने त्यांना घरी बसविले. आमच्या लग्नात मी त्यांना पाहिले ते अर्धवट लोटलेल्या दाराच्या फटीतून. हिची समजूत अशी की तो घाबरटपणा त्यांच्या रक्तातच होता. आता आमच्या लेकीला दिवस गेले आहेत, तेव्हापासून ही रक्ताचा विषय वारंवार काढते. मी म्हणालो, "अगं, मी यंत्राच्या नोंदी करणार आहे, तुझ्या घराण्याच्या नाही."

ही हसली नाही.

९ जानेवारी

आज फ्यूजकाका आले. हे निवृत्त अभियंते. यंत्राच्या अखेरच्या काळात दुरुस्तीला होते. वय पुष्कळ झाले, पण खिशात फ्यूजची तार आणि ओठांवर थट्टा अजून तयार. मंगळवार-शुक्रवार थोडा वेळ येण्याचे त्यांनी कबूल केले आहे.

खोलीच्या दारावर पत्र्याची पाटी आहे. अक्षरे सुबक: "सोने अंगावर घालून आत येऊ नये. बाहेर काढून ठेवावे." चोरीच्या तक्रारी उद्भवू नयेत म्हणून हा नियम असावा, अशी मी नोंद केली. त्या काळची शिस्त पाहून समाधान वाटले. बोटातील लग्नाची अंगठी काढून बाहेरच्या टेबलाच्या खणात ठेवली आणि मगच आत गेलो. फ्यूजकाका म्हणाले, "तुम्ही पाटी वाचणारे पहिलेच. आम्ही सगळे कधी ना कधी सोनाराकडे जाऊन आलो." त्यांना काय म्हणावयाचे होते ते विचारावयाचे राहिले, कारण तेवढ्यात त्यांनी कपाट उघडले.

आजच्या संगणकाची स्मृती नखाएवढ्या तुकड्यात मावते. या यंत्राची स्मृती पाऱ्यात होती. पुरुषभर लांबीच्या लोखंडी नळ्या, पाऱ्याने भरलेल्या, एका कपाटात आडव्या मांडलेल्या. एका टोकाला आकड्याचा ठोका द्यावयाचा. तो आवाज होऊन पाऱ्यातून दुसऱ्या टोकाला पोचतो. तिथून उचलून पुन्हा पहिल्या टोकाला. आकडा असा फिरता राहील तोवरच यंत्राच्या लक्षात राहणार.

"पाढे घोकणाऱ्या पोरासारखं," फ्यूजकाका म्हणाले. "घोकतंय तोवर येतंय. थांबलं, की गेलं."

१६ जानेवारी

पाऱ्याचे तापमान किंचित जरी बदलले तरी आवाजाचा वेग बदलतो आणि आकडे चुकतात. म्हणून ते कपाट आतून कायम कोमट ठेवावे लागते. त्याची जुनी शेगडी फ्यूजकाकांनी चालू करून दिली. बाहेरची थंडी आत शिरू नये म्हणून मी तळघराच्या तिन्ही झरोक्यांच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटविल्या, पंखा बंद केला आणि दाराखाली सतरंजीची गुंडाळी लावली. आता खोलीत वाऱ्याची झुळूकही येत नाही. इतके नेमके काम पुष्कळ दिवसांत झाले नव्हते.

एका नळीच्या टोकाचे रबर जुने होऊन चिरले आहे. तिथून पारा झिरपतो. टपोरे थेंब फरशीवर पडून फुटतात आणि मोत्यांसारखे पळतात. खेळण्याच्या पत्त्याने जमले तेवढे गोळा करून काचेच्या वाडग्यात ठेवले, वाडग्यावर क्रमांक टाकला आणि तो टेबलावर डोळ्यांसमोर ठेवला, म्हणजे गहाळ होणार नाही. फरशीच्या सांध्यांत गेलेला केरसुणीने झाडला. तो आणखी बारीक झाला आणि सांध्यांतच राहिला. दिवा लावला की फरशी चमकते. दृश्य सुंदर आहे.

२३ जानेवारी

इतिहासाच्या दुसऱ्या प्रकरणासाठी जुन्या माणसांच्या आठवणी हव्यात. आज फ्यूजकाकांनी एक सांगितली.

"पहिला चालक होता ना, त्याला आम्ही ससा म्हणायचो. दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल. साहेब आला, की स्वारी कपाटामागे! वर नुसत्या दोन पेन्सिली दिसायच्या." ते पोट धरून हसले. "पोरं मुद्दाम मागून फाइल आपटायची. हातभर उडायचा बिचारा! हात असे लटलट. शेवटी तर सहीसुद्धा करता येईना."

मीही हसलो. तो माझा सासरा, हे सांगितले नाही. आठवण रंजक आहे, म्हणून प्रकरणात घेतली.

काही दिवसांपासून तोंडाला धातूची चव येते. चहादेखील चमचा चघळल्यासारखा लागतो. हिरड्या दुखतात. दंतवैद्याने ब्रश हळू फिरवावयास सांगितले आहे.

२ फेब्रुवारी

साहेब तळघरात येणार असल्याचा निरोप आला आणि भीती वाटली. कारण शोधले, सापडले नाही. नोंदी पूर्ण आहेत, प्रत्येक भागाला क्रमांक आहे, कुठे खाडाखोड नाही. तरीही जिन्यावर पावले वाजताच मी कपाटामागे गेलो. नळी तपासण्यासाठी गेलो, असे नंतर स्वतःला सांगितले. परंतु हातात विजेरी नव्हती आणि मागे अंधार होता. साहेब दोनदा हाका मारून निघून गेले. पाठ नळ्यांच्या उबेला टेकून मी बराच वेळ तसाच उभा होतो.

माझे निदान असे: जबाबदारीचा ताण. समारंभात मला बोलावे लागणार आहे. आजवर वार्षिक सभेत सर्वांदेखत साहेबांची चूक दाखविणारा मी. आता नुसत्या कल्पनेने कानशिले तापतात.

या वहीतील माझे अक्षर बारीक होत चालले आहे. कागदाची बचत होते, हे ठीक.

६ फेब्रुवारी

लेकीचा फोन आला. पोटात बाळ असल्यामुळे तिने रजा घेतली आहे. म्हणाली, "बाबा, मी येते पंधरा दिवस. तुमच्या यंत्राचे फोटो मीच काढणार. दिवसभर तुमच्याजवळ बसेन तिथे, आई नुसती पडून राहायला लावते."

मी ओरडलो. हो, ओरडलो! "अजिबात यायचं नाही तिथे!" असे बोललो आणि फोन ठेवला. मी काम करीत असताना कोणी माझ्याकडे पाहावे, ही गोष्ट आता सोसत नाही. पोटच्या पोरीचीही नजर नको वाटते. कोणी पाहू लागले की हात कापतो. हात कापलेला त्यांना दिसतो. मग तो अधिक कापतो.

ही म्हणाली, "एवढा कसला हो पारा चढला तुमचा? फोटोच काढणार होती ना?"

नंतर न्हाणीघरात जाऊन मी रडलो. का, ते सांगता येत नाही. मी शेवटचा रडलो होतो तो आई गेली तेव्हा.

१० फेब्रुवारी

भीतीवर एकच उपाय सापडला आहे: तळघर. तिथे कोणी येत नाही. आता रविवारीही जातो. कपाटाच्या उबेपाशी टेबल सरकवून घेतले आहे. एका जागी बसून वाडग्यातील पाऱ्याकडे पाहिले की मन स्थिर होते. वाडगा हलविला तर त्यात माझा चेहरा हलतो. म्हणून हलवीत नाही.

खणात ठेवलेली अंगठी कोणी उचलून नेईल, अशीही आता धास्ती वाटते. म्हणून पाटीचा नियम मी मोडला. अंगठी बोटातच ठेवतो.

१३ फेब्रुवारी

आज यंत्राला एक आकडा आठवला!

फ्यूजकाकांनी एका नळीत तो सोडला आणि पडद्यावर हिरव्या ठिपक्यांची रांग थांबून राहिली. फ्यूजकाकांच्या डोळ्यांत पाणी आले. "आम्ही नोकरीला लागलो त्याआधीची नळी आहे ही. अन् अजून घोकतेय बघा."

आनंद झाला पाहिजे होता. त्याऐवजी मनात एवढेच आले की आता समारंभ नक्की होणार. ठिपके माझ्याकडे डोळे रोखून पाहत आहेत असे वाटू लागले. मी पडद्यावर फडके टाकले. फ्यूजकाका माझ्याकडे पाहतच राहिले.

"बरं नाही का तुम्हाला?"

"झोप कमी होतेय."

"घरी जा. हे कुठं पळून जात नाही."

गेलो नाही.

१७ फेब्रुवारी

अंगठी पांढरी पडली आहे. पूर्ण नव्हे; पालथ्या बाजूला चांदीसारखे पट्टे उमटले आहेत आणि ते घासून जात नाहीत. लग्नात हिच्या माहेरून आलेली अंगठी. सोनाराने तेव्हा भेसळ केली असावी, असा तर्क आहे. हिला कळले तर माहेरचा अपमान समजेल. काढून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. हिने बोटाकडे पाहिलेच. "यंत्राच्या खोलीत सोनं चालत नाही," असे मी म्हणालो. अक्षरशः खोटे नाही. पण हिच्याशी असे तोलून बोलण्याची वेळ माझ्यावर आजवर आली नव्हती.

२० फेब्रुवारी

आज भांडण झाले. शेजारचे गृहस्थ काही विचारावयास आले असता मी मागल्या दाराने बाहेर निघून गेलो, म्हणून.

"काय केलंय त्यांनी तुमचं?"

"काही नाही."

"मग का पळालात?"

"पळालो नाही. गेलो."

ही खुर्चीत बसली आणि एकाएकी हिचा आवाज उतरला. "बाबांचं असंच सुरू झालं होतं. अगदी असंच. आधी चहाची तक्रार. मग अक्षर. मग दाराची कडी वाजली, की आत. आई म्हणायची, हा घराण्याचा दोष, रक्तात आहे. मी जन्मभर माझ्या हातांकडे बघत आले, कापतात का म्हणून. लेकीच्या हातांकडे बघत आले. आता त्या जन्माला न आलेल्याच्या हातांची काळजी. आणि सुरू झालं ते कुणाला? तुम्हाला! तुमच्या अंगात तर त्यांचं रक्त नाही ना हो!"

मी म्हणालो, "मी घाबरलेलो नाही. कामाचा ताण आहे."

हे बोलताना मी कपबशी धरली होती. ती वाजत होती. आम्ही दोघांनीही तिच्याकडे पाहिले नाही.

२४ फेब्रुवारी

लिहवत नाही. ओळी वाकड्या जातात. जिभेखाली फोड. आज नोंदवहीत बेरीज तीनदा चुकली. मी बेरीज चुकलो.

वेड लागताना माणसाला कळते का? कळत असेल, तर मला कळते आहे.

२८ फेब्रुवारी

जे घडले ते क्रमाने लिहितो. आज अक्षर हिचे आहे. मी सांगतो, ही लिहिते.

दुपारी दाराची कडी वाजली. लेक न कळविता आली होती. तिचा आवाज मला ओळखता आला. माझीच लेक आहे, हेही मला कळत होते. तरी मी आतल्या खोलीच्या दारामागे जाऊन उभा राहिलो आणि श्वास धरला. लेक बाहेर विचारीत होती, "बाबा कुठे आहेत? माझ्यावर रागावलेत का अजून?" मला बाहेर यावयाचे होते. पाय उचलेना.

हिने दार ओढले आणि मला पाहिले.

ही ओरडली नाही, रडली नाही. नंतर हिने सांगितले की क्षणभर हिला तिथे वडीलच उभे दिसले. कोटाची बटणेदेखील वरपर्यंत तशीच लावलेली. हिने माझ्या कोटाला हात घातला तेव्हा आतल्या खिशातली अंगठी खाली पडली. ही ती उचलून उजेडाकडे गेली आणि तिथेच थांबली.

मग कपाटातील कुंकवाच्या जुन्या डबीतून हिने दुसरी अंगठी आणली. वडिलांची. ती मी कधी पाहिली नव्हती. पांढरी. हिच्या आईची ठाम समजूत होती की त्या भित्र्या माणसाकडून कोणी सोन्याची अंगठी काढून घेतली आणि त्याच्या हाती चांदीची दिली, आणि त्याला तोंड उघडण्याचीही हिंमत झाली नाही. त्यावरून आयुष्यभर त्यांना ऐकून घ्यावे लागले.

हिने दोन्ही अंगठ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. तेच पट्टे. तोच पांढरा.

"दोन माणसांना एकच चोर भेटला का हो?" ही म्हणाली.

मी त्या अंगठ्यांकडे पाहिले आणि दारावरची पाटी डोळ्यांसमोर आली. सोने बाहेर काढून ठेवावे. आम्ही सगळे कधी ना कधी सोनाराकडे जाऊन आलो. टेबलावरचा वाडगा. फरशीची चमक. कागदाच्या पट्ट्या. मी स्वतःच्या हाताने चिकटविलेल्या पट्ट्या.

मी म्हणालो, "पारा." आणि मग लेकीला म्हणालो, "माझ्या कोटाला हात लावू नकोस. लांब हो. आत्ता."

३ मार्च

(अजून हीच लिहिते.)

डॉक्टरांनी रक्त आणि लघवी तपासली. पारा भरपूर निघाला. ते म्हणाले, पारा नुसता हातात घेतला तर फारसे बिघडत नाही. त्याची वाफ वाईट. ती दिसत नाही, तिला वास नाही, आणि बंद, उबदार खोलीत ती साठत जाते. चव, हिरड्या, हात, झोप, अक्षर, हे सारे तिचे काम.

"आणि भीती?" हिने विचारले.

"तीही. माणूस लाजाळू होतो, चिडतो, नजर चुकवतो, लपतो. पुस्तकात लिहिलेलं आहे हे. यांचा स्वभाव नाही, बाई. विष आहे."

"मग हे रक्तातून पुढे नाही जात? लेकीला, नातवंडाला?"

"स्वभाव म्हणून नाही. लेक तिथे बसत होती का?"

"नाही," मी म्हणालो. "मी येऊ दिलं नाही."

"बरं केलंत. पोटातल्या बाळाला ही वाफ फार वाईट." ते लिहू लागले. मी तिला शहाणपणाने अडविले नव्हते; भीतीने अडविले होते. ज्या विषाने मला पोटच्या पोरीची नजर नकोशी केली, त्यानेच तिला त्या खोलीबाहेर ठेवले. याचा ताळेबंद मला मांडता येत नाही.

जिन्यावर ही कठड्याला धरून थांबली. मला वाटले, चक्कर आली. ही स्वतःचे दोन्ही हात उताणे धरून पाहत होती. अगदी स्थिर होते.

१० मार्च

आजपासून पुन्हा मी लिहितो. अक्षर वाईट आहे. हिने वाचून पाहिले आणि "वाचता येतंय" असा निर्वाळा दिला.

फ्यूजकाका भेटावयास आले. दाराबाहेरच उभे राहिले, कारण माझ्याबद्दल हिने त्यांना सांगून ठेवले होते. तिथूनच म्हणाले, "आम्ही तळहातावर घेऊन खेळायचो हो पारा. माझं काम वरच्या मजल्यावर. खाली तासाभराचं येणं. ससा मात्र दिवसभर तिथंच. झरोके बंद ठेवायची सक्त ताकीद होती त्याला." मग म्हणाले, "मीही आपटलीय एकदा फाइल. त्याच्यामागे."

मी म्हणालो, "ते माझे सासरे."

फ्यूजकाकांनी टोपी काढली. त्यांना काय करावे सुचेना, म्हणून त्यांनी ती पुन्हा घातली. आतून ही म्हणाली, "काका, चहा ठेवलाय. उन्हात उभे राहू नका, आत या. हे दाराआड जातील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका."

ते आत आले. मी दाराआड गेलो. चहा तिघांनी घेतला.

२१ मार्च

जाणत्या लोकांनी मुखवटे लावून नळ्या रिकाम्या केल्या. यंत्र नव्या इमारतीत जाईल, पण घोकणार नाही. त्याची स्मृती मी मिटविली असे वाटून काल दिवसभर छाती धडधडत होती. ही भीती विषाची की माझी स्वतःची, हे अजून ओळखता येत नाही. डॉक्टर म्हणतात, महिने लागतील.

आज साहेबांकडे गेलो. वीस पावलांचा व्हरांडा, आणि मध्ये दोनदा परत फिरलो. साहेब म्हणाले, "सगळं घ्या, ती पाटी तेवढी राहू द्या. आनंदाचा प्रसंग आहे. लोक नाही नाही ते विचारतील."

घाम फुटला. भिंतीकडे पाहत मी म्हणालो, "पाटी जाणार नसेल, तर माझ्या नोंदींवर माझी सही नाही."

"सही न करता चालेल एखाद्या वेळी."

"माझ्या नोंदी म्हणून चालणार नाही."

ते माझ्या हातांकडे पाहत होते. मी हात खिशात घातले नाहीत. पाहू द्यावेत, असे ठरविले होते.

पाटी जाणार आहे. तिच्याखाली काचेत दोन अंगठ्या. सोनार तापवून पारा उडविण्यास तयार नाही, तो धूर त्याला ठाऊक आहे. आणि हिला त्या पिवळ्या करावयाच्याही नाहीत. खालच्या मजकुरासाठी मी पुष्कळ कागद फाडले. शेवटी राहिला तो असा: "ही पाटी यंत्राच्या खोलीवर होती. पाऱ्याने सोने पांढरे पडते, हे सर्वांना माहीत होते. आत दिवसभर बसणाऱ्या माणसाला काय होते, हे कोणी विचारले नाही."

३० मार्च

समारंभ उद्या. दुसरे प्रकरण पुन्हा लिहिले. सशाची गंमत काढली. त्या जागी ते गृहस्थ आहेत. ही रोज थोडे थोडे सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. यंत्र येण्यापूर्वी ते हौशी नाटकांत राजाचे काम करीत. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचे. आई हे सांगे तेव्हा घरात कोणाचा विश्वास बसत नसे. ही अगदी लहान असताना त्यांनी हिला खांद्यावर बसवून भर गर्दीतून वाट काढली होती, "बाजूला व्हा, राजकन्या येतेय" असे ओरडत. ती आठवण आपण स्वप्नात पाहिली असावी, असे हिला इतकी वर्षे वाटत होते.

उद्या हे मला सर्वांसमोर वाचावयाचे आहे. आज हिला समोर बसवून वाचून पाहिले. पहिल्याच वाक्याला कान तापले, कागद फडफडू लागला, आणि दोन ओळींनंतर आवाज बसला. मी म्हणालो, "मला नाही जमायचं. फ्यूजकाका वाचतील."

ही उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतले. पूर्ण नाही, थोडी फट ठेवून. पलीकडे फरशीवर बसल्याचा आवाज आला.

"आता तुम्हाला कोणी बघत नाही," दारामागून ही म्हणाली. "वाचा."

मी वाचले. हात कापत होता, कापू दिला. राजाच्या कामापर्यंत आलो तेव्हा थांबलो. ही रडते आहे की काय, म्हणून कानोसा घेतला.

"मोठ्यानं वाचा," दाराआडून आवाज आला. "शेवटच्या रांगेत आहे मी."